पाठीवरची पिवळी खूण

उंदीर हातात कसा धरायचा हे शिकायला मला तीन आठवडे लागले. औषधशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाचे ते पहिले वर्ष होते. सरांनी सांगितलेली रीत साधी होती: घाई करायची नाही, शेपटी ओढायची नाही आणि वरून झडप घालायची नाही, कारण वरून अचानक येणारी कोणतीही गोष्ट उंदराच्या लेखी शिकारी पक्षीच असते. तळहात त्याच्या पाठीवर अलगद टेकवायचा, अंगठा आणि तर्जनी पुढच्या पायांमागून छातीभोवती न्यायची आणि दुसऱ्या हाताने मागचे पाय पेलायचे. छाती आवळली तर त्याचा श्वास कोंडतो, सैल सोडली तर तो वळून चावतो. या दोहोंमधला नेमका दाब बोटांना उमगेपर्यंत पुस्तकातल्या आकृत्यांचा काही उपयोग होत नाही. पहिल्यांदा एक उंदीर माझ्या हातात शांत राहिला तेव्हा बोटांखाली एक सलग थरथर जाणवली. त्याचे हृदय मिनिटाला तीनशे ते चारशे वेळा धडधडते हे मला पाठ होते, पण पाठ असलेला आकडा हाताला असा लागेल याची कल्पना नव्हती.

एका पिंजऱ्यातले सगळे पांढरे उंदीर सारखेच दिसतात. ओळख राहावी म्हणून आम्ही त्यांच्या केसांवर पिक्रिक आम्लाच्या द्रावणाने पिवळी खूण करत असू. एकाच्या डोक्यावर, दुसऱ्याच्या पाठीवर, तिसऱ्याच्या शेपटीच्या मुळाशी. हा रंग बोटांनाही लागतो आणि साबणाने जात नाही. कातडीचा वरचा थर झिजेपर्यंत तो तसाच राहतो. त्या वर्षी माझी उजव्या हाताची दोन बोटे जवळजवळ सतत पिवळी असायची.

मराठीत आपण रॅट आणि माऊस या दोघांनाही उंदीरच म्हणतो, त्यामुळे या विषयावर बोलताना नेहमी थोडा घोटाळा होतो. पेनिसिलिनची पहिली निर्णायक परीक्षा २५ मे १९४० रोजी ऑक्सफर्डमध्ये झाली ती आठ माउसांवर, म्हणजे तळहातावर मावणाऱ्या चिमुकल्या उंदरांवर. मी लिहिते आहे तो रॅट, तीनशे ते पाचशे ग्रॅम वजनाचा, दोन-तीन वर्षे जगणारा. त्याचे मूळ गटारात आणि धान्याच्या कोठारात राहणाऱ्या तपकिरी उंदरात आहे. त्याच्यातलेच पांढरे, लाल डोळ्यांचे पिल्लू कोणीतरी वेगळे काढून पाळले आणि माणसाळवले. १८५६ मध्ये फ्रान्समध्ये फिलिपो या संशोधकाने पांढऱ्या उंदरांच्या मूत्रपिंडांवर असणाऱ्या अधिवृक्क (ॲड्रिनल) ग्रंथी काढून त्यांचे काय होते ते पाहिले. या प्राण्यावरच्या अगदी सुरुवातीच्या नोंदलेल्या प्रयोगांत त्याची गणना होते. पुढे १९०६ मध्ये हेन्री डोनाल्डसन यांनी आपले पांढरे उंदीर शिकागोहून फिलाडेल्फियाच्या विस्टार इन्स्टिट्यूटमध्ये नेले. तिथे हेलन डीन किंग या संशोधिकेने पिढ्यानपिढ्या भावंडांचे संकर करत एकसारखे उंदीर तयार केले. आज जगभरच्या प्रयोगशाळांत जे उंदीर आहेत, त्यांतल्या फार मोठ्या हिश्श्याची वंशावळ त्या विस्टारच्या पिंजऱ्यांपर्यंत जाऊन पोहोचते. हा प्राणी रानात कुठेही सापडत नाही. तो आपण घडवला आहे, त्यामुळे त्याचे जे काही होते त्याची जबाबदारी निसर्गावर ढकलता येत नाही, असे मला तेव्हाही वाटे आणि आताही वाटते.

त्याने दिले काय, हे सांगताना मी नेहमी एल्मर मॅककॉलम यांच्यापासून सुरुवात करते. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनच्या कृषी केंद्रात त्यांची नेमणूक गायींच्या आहाराचा अभ्यास करायला झाली होती. गाय मोठी, तिची वाढ संथ आणि एकेक उत्तर मिळायला वर्षे लागणार. म्हणून त्यांनी उंदरांवर काम करायचे ठरवले. शेतकऱ्यांच्या पैशावर चालणाऱ्या संस्थेत शेतकऱ्यांच्या शत्रूला खाऊपिऊ घालायचे, ही कल्पना वरिष्ठांना मुळीच रुचली नाही. मॅककॉलमनी आधी रानटी उंदीर पकडून पाहिले. ते इतके चवताळलेले होते की काम होईना. मग स्वतःच्या खिशातून पैसे घालून त्यांनी डझनभर पांढरे उंदीर विकत आणले. त्यांची देखभाल मार्गरीट डेव्हिस नावाची एक तरुणी करू लागली आणि तेही बरीच वर्षे बिनपगारी. ज्या उंदरांच्या आहारातला स्निग्धांश लोण्यातून किंवा अंड्याच्या बलकातून येत असे ते वाढत राहत. ज्यांना त्याऐवजी डुकराची चरबी किंवा ऑलिव्ह तेल मिळे त्यांची वाढ काही आठवड्यांनी खुंटे आणि त्यांचे डोळे बिघडत. म्हणजे लोण्यात चरबीखेरीज आणखी काहीतरी होते. १९१३ मध्ये दोघांनी हे प्रसिद्ध केले आणि त्या 'काहीतरी'ला पुढे जीवनसत्त्व अ हे नाव मिळाले. या जीवनसत्त्वाच्या अभावाने जगभर असंख्य मुले आंधळी झाली आहेत आणि ते वेळेवर मिळाल्यामुळे असंख्य मुलांची दृष्टी वाचली आहे. मला या कथेत मार्गरीट डेव्हिस विशेष जवळची वाटते. रोज उंदीर तोलणारी, रोज त्यांचे डोळे पाहणारी ती होती. डोळे बिघडत आहेत हे कळायला आधी कोणीतरी डोळ्यांकडे पाहावे लागते.

औषधांच्या बाबतीत उंदराचे काम काहीसे अप्रिय आहे: आपल्याआधी विष चाखण्याचे. हे काम कोणी केले नाही तर काय होते, ते १९३७ साली अमेरिकेत दिसले. सल्फानिलामाइड हे त्या काळचे गुणकारी औषध लहान मुलांना गोळीच्या रूपात देणे अवघड, म्हणून एका कंपनीने ते डायएथिलीन ग्लायकॉल या गोडसर द्रवात विरघळवले, त्याला रास्पबेरीची चव दिली आणि ते बाजारात आणले. चव तपासली, रंग तपासला, वास तपासला. विषारीपणा तपासायचे बंधन कायद्यात नव्हते आणि कोणी तो तपासलाही नाही. शंभराहून अधिक माणसे मूत्रपिंडे निकामी होऊन दगावली आणि त्यांत कितीतरी लहान मुले होती. दोष औषधात आहे की द्रवात, याचा शोध शिकागो विद्यापीठातल्या प्राध्यापक गाइलिंग यांच्या प्रयोगशाळेत झाला. दोष द्रवाचा ठरला. त्या कामात उंदरांवर लक्ष ठेवणाऱ्यांत फ्रान्सिस नावाची एक तरुण विद्यार्थिनी होती. थोड्याच दिवसांचा एखादा प्रयोग किती माणसांना वाचवू शकला असता, हे तिने अगदी जवळून पाहिले. पुढच्याच वर्षी, १९३८ मध्ये, औषध विकण्याआधी ते सुरक्षित असल्याचा पुरावा देणे तिथे कायद्याने बंधनकारक झाले.

तीच विद्यार्थिनी १९६० मध्ये डॉ. फ्रान्सिस केल्सी म्हणून अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनात रुजू झाली आणि तिच्या टेबलावर आलेल्या अगदी पहिल्या अर्जांत थॅलिडोमाइडचा अर्ज होता. युरोपात हे औषध झोपेसाठी आणि गर्भवती स्त्रियांच्या मळमळीवर सर्रास दिले जात होते आणि ते इतके सुरक्षित मानले जाई की प्राण्यांना मारील एवढी मात्राच सापडत नाही, असे कौतुकाने सांगितले जात होते. केल्सींना नेमके हेच खटकले. ज्या औषधाने माणसाला गाढ झोप लागते, त्याने प्राण्यांना तशी झोप येत नव्हती; मग प्राणी सुखरूप राहिले यावरून माणसाबद्दल काय सिद्ध होते? त्यांनी आणखी पुरावे मागितले आणि मागतच राहिल्या. १९६१ च्या अखेरीस युरोपातून खऱ्या बातम्या आल्या तोवर तिथे हात-पाय खुरटलेली हजारो मुले जन्मली होती. नंतर शोध घेतला तेव्हा असे दिसले की उंदरांच्या गर्भात हे औषध तसे व्यंग निर्माण करत नाही. सशांच्या काही जातींत आणि माकडांत ते करते.

या दोन घटना मी विद्यार्थ्यांना नेहमी जोडीने सांगते. पहिलीत उंदराला विचारले नाही म्हणून माणसे मेली. दुसरीत चुकीच्या प्राण्याने दिलेल्या उत्तरावर, आणि तेही अपुऱ्या प्रश्नाच्या उत्तरावर, भिस्त ठेवली म्हणून अनर्थ झाला. गर्भवती प्राण्यांवर पुरेशी चाचणी झालीच नव्हती, हे विसरून केवळ 'प्राण्यांवरचे प्रयोग फसवे असतात' एवढाच धडा यातून काढणारे लोक मला भेटतात, तेव्हा मी शक्य तितक्या शांतपणे त्यांना पूर्ण हकीकत सांगते.

उंदीर म्हणजे आखूड केलेला माणूस नव्हे, हे मात्र अगदी खरे आहे. त्याला पित्ताशय नसते. तो क जीवनसत्त्व स्वतःच्या यकृतात तयार करतो, म्हणून त्या जीवनसत्त्वाच्या अभावाने होणाऱ्या स्कर्व्ही या रोगाचे कोडे त्याच्यावर सुटले नसते. ते गिनिपिगवर सुटले. त्याला उलटी होत नाही. मळमळ झाली की तो चिनीमातीसारखी निःसत्त्व माती खाऊ लागतो आणि कर्करोगावरच्या औषधांनी होणाऱ्या मळमळीचा अभ्यास करणारे लोक त्याने किती माती खाल्ली ते तोलतात. मला ही युक्ती फार मोलाची वाटते, कारण इथे संशोधकाने उंदराकडून माणसाचे लक्षण मागितले नाही, उंदराचे स्वतःचे लक्षण ओळखले. उलट उदाहरण सॅकरिनचे, साखरेऐवजी वापरतात त्या गोड पदार्थाचे. १९७० च्या दशकात त्याने नर उंदरांच्या मूत्राशयात कर्करोग होतो असे दिसले आणि मोठी भीती पसरली. उंदराच्या मूत्राची घडणच अशी आहे की त्यात सॅकरिनच्या मोठ्या मात्रेने स्फटिक तयार होतात आणि ते मूत्राशयाच्या अस्तराला सतत खरवडत राहतात. माणसात असे घडत नाही. हे समजून २००० साली सॅकरिनचे नाव कर्करोगकारकांच्या अमेरिकी यादीतून काढेपर्यंत दोन दशकांहून अधिक काळ गेला.

माझ्या प्रबंधाचे काम रक्तदाबावर होते. त्यासाठी उंदरांची एक खास जात आहे. क्योटोमध्ये ओकामोतो आणि आओकी या दोघांनी विस्टार जातीच्या उंदरांतून रक्तदाब आपसूक जास्त असलेले उंदीर निवडून त्यांचे संकर करत ही जात तयार केली आणि १९६३ मध्ये तिची माहिती प्रसिद्ध केली. या उंदरांना काही करावे लागत नाही. जन्मानंतर थोड्याच आठवड्यांत त्यांचा रक्तदाब चढू लागतो आणि मोठेपणी तो १८० च्याही वर जातो. पुढे त्यांचे हृदय जाड होते, मूत्रपिंडे थकतात. रक्तदाबावरच्या अनेक औषधांची पारख त्यांच्यावर झाली आहे. त्यांचा दाब शेपटीवर मोजतात. उंदराला आधी ऊब देऊन शेपटीतल्या रक्तवाहिन्या फुलू द्यायच्या, मग शेपटीच्या मुळाशी छोटासा पट्टा चढवायचा आणि तो स्वस्थ होण्याची वाट पाहायची. ही वाट पाहणे हाच त्या कामाचा खरा भाग. उंदीर घाबरलेला असेल तर यंत्र आकडा दाखवतेच, पण तो आकडा भीतीचा असतो.

भीतीचा आकडा किती खोल जातो, हेही उंदरानेच शिकवले. हान्स सेल्ये मॉन्ट्रियलमध्ये ग्रंथींच्या अर्कांचे प्रयोग करत होते. टोचलेल्या उंदरांची अधिवृक्के फुगत, छातीतली थायमस ग्रंथी आक्रसे, जठरात व्रण पडत. नवे संप्रेरक सापडले असे त्यांना वाटले. मग लक्षात आले की थंडीने, इजेने, अतिश्रमानेही शरीरात हेच होते. १९३६ मध्ये त्यांनी त्यावर लिहिलेल्या छोट्याशा टिपणातून ताणाचे आजचे शास्त्र उभे राहिले. २०१४ मध्ये तर असे आढळले की प्रयोग करणारा पुरुष असेल तर त्याच्या नुसत्या वासानेही उंदरांना ताण येतो आणि त्यांच्या वेदनेची मोजमापे बदलतात. खोलीत कोण आहे, कालचा भुसा बदलला का, शेजारी कोणी दार आपटले का, या सगळ्या गोष्टी निकालात उतरतात. चांगल्या वागणुकीचा प्रश्न आणि चांगल्या विज्ञानाचा प्रश्न इथे एकच होतो, असे मी मानते. रसेल आणि बर्च या दोन शास्त्रज्ञांनी १९५९ मध्येच हे मांडले होते: पर्याय असेल तर प्राणी वापरू नका, वापरावेच लागले तर कमीत कमी वापरा आणि त्यांच्या वेदना कमी करा.

हे मी पुस्तकातून शिकले होते. दुसऱ्यांदा शिकले ते एका सोमवारी सकाळी. त्या शनिवार-रविवारी प्राणिगृहाची पाळी माझी होती. मी दोन्ही दिवस गेले, प्रत्येक पिंजऱ्यासमोर उभी राहिले आणि प्रत्येक कार्डावर 'पाणी: आहे' असे लिहून सही केली. सोमवारी एका पिंजऱ्यातले तिन्ही उंदीर पाठ कमानीसारखी वर करून कोपऱ्यात बसले होते. त्यांचे केस पिंजारलेले होते, डोळ्यांच्या कडांना आणि नाकाला लालसर पाणी सुकून चिकटले होते. ते रक्त नसते. उंदराच्या डोळ्यामागच्या ग्रंथीतून ताणाच्या वेळी लाल रंगद्रव्य पाझरते. बाटलीच्या नळीतली धातूची गोळी अडकून बसली होती आणि पाण्याचा एक थेंबही बाहेर येत नव्हता. बाटली मात्र काठोकाठ भरलेली होती. शुक्रवारी संध्याकाळी भरलेली बाटली रविवारी तितकीच भरलेली होती, आणि तीच भरलेली बाटली पाहून मी 'पाणी: आहे' असे लिहिले होते.

ते मेले नाहीत. पाणी मिळताच तिघेही एकमेकांवर चढून अधाशासारखे प्यायले. पण त्यांची वजने घटली होती, मूत्रपिंडांवर ताण आला होता आणि माझा अभ्यास रक्तदाबाचाच असल्याने त्यांची मोजमापे धरणे शक्य नव्हते. तिघेही प्रयोगातून बाद झाले आणि नियमाप्रमाणे भुलीच्या औषधाची जादा मात्रा देऊन त्यांना मारावे लागले. ते काम मी दुसऱ्या कोणावर सोपवले नाही. तिघांपैकी एकाच्या पाठीवर खूण होती. तोच पहिल्यांदा माझ्या हातात शांत राहिलेला उंदीर होता. प्रयोगासाठी मेलेल्या उंदराच्या बदल्यात निदान एक आकडा उरतो, तो कुठेतरी इतर आकड्यांत मिसळून एखाद्या निष्कर्षाला टेकू देतो. या तिघांच्या बदल्यात काहीही उरले नाही. प्रबंधात त्यांचा उल्लेख 'तीन प्राणी वगळले' एवढाच आहे.

त्यानंतर उंदरांविषयी जे जे वाचत गेले, त्याने मन अधिकच जड होत गेले. १९७१ मध्ये जॉन ओकीफ आणि त्यांच्या सहकाऱ्याने उंदराच्या मेंदूत अशा पेशी पाहिल्या, ज्या तो खोलीतल्या एका ठराविक जागी आला की जाग्या होतात. त्या मार्गावरच्या कामाला २०१४ चे नोबेल मिळाले आणि स्मृतिभ्रंशाचे रुग्ण ओळखीच्या वाटेवरही का हरवतात हे समजण्याचा रस्ता त्यातून निघाला. याक पँकसेप यांनी उंदरांना गुदगुल्या केल्या आणि माणसाच्या कानाला ऐकू न येणाऱ्या, पन्नास किलोहर्ट्झच्या आसपासच्या त्यांच्या किलबिलाटाची नोंद केली; गुदगुल्या केलेले उंदीर पुन्हा त्याच हातामागे धावत येत. मायकेल मीनी आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये दाखवले की ज्या पिल्लांना आईने खूप चाटले, ती मोठेपणीही ताणाला शांतपणे तोंड देतात. २०११ मध्ये शिकागोच्या एका प्रयोगात मोकळ्या उंदराने नळीत अडकलेल्या जोडीदाराचे दार उघडायला शिकून त्याला सोडवले. समोर दुसऱ्या नळीत चॉकलेट ठेवले तरी अनेकदा त्याने दोन्ही उघडले आणि चॉकलेटमधला वाटा राखला.

माणसाच्या आजारांचे उत्तर शोधताना उंदराचे मनही आपल्यासमोर उघडत गेले आहे. त्याच्या भीतीचे, सुखाचे, मायेचे पुरावे आपणच गोळा केले आणि ते त्याच्याच शरीरातून गोळा केले. एवढे कळल्यावरही मी प्राण्यांवरच्या प्रयोगांच्या विरोधात गेले नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. मानवी पेशींच्या चिपा, संगणकी प्रतिकृती, स्टेम पेशींतून वाढवलेले अवयवांचे इवले नमुने यांनी काही प्रश्न उंदराकडून काढून घेतले आहेत आणि याचा मला मनापासून आनंद आहे. २०२२ च्या अखेरीस अमेरिकेनेही नव्या औषधासाठी प्राण्यांवरची चाचणी हीच एकमेव वाट असण्याची अट काढली. पण रक्तदाब ही एका पेशीत घडणारी गोष्ट नाही. हृदय, मूत्रपिंड, मेंदू, रक्तवाहिन्या आणि वय हे सगळे एकत्र असले की तो घडतो आणि हे सगळे एकत्र असलेली वस्तू अजून तरी आपल्याला बनवता आलेली नाही. म्हणून उंदीर लागतो. तो लागतो असे म्हणताना माझा आवाज पूर्वीइतका सहज निघत नाही, एवढाच फरक पडला आहे, आणि तो पडायला हवाच होता असे मला वाटते.

आईला गेली कित्येक वर्षे रक्तदाबाची गोळी चालू आहे. प्रबंध संपत आला होता तेव्हा एकदा तिने माझी पिवळी बोटे हातात घेऊन हे काय म्हणून विचारले. मी तिला खुणांबद्दल सांगितले, क्योटोच्या त्या जातीबद्दल सांगितले आणि तिच्या हातातल्या गोळीसारख्या गोळ्या माणसापर्यंत कशा पोहोचतात तेही सांगितले. ती बराच वेळ गोळीकडे पाहत राहिली.

"त्यांना नावं असतात का गं?" तिने विचारले.

"नाही. पिंजऱ्याचा क्रमांक असतो आणि अंगावर खूण असते."

तिने गोळी घेतली, वर पाणी प्यायली आणि भांडे खाली ठेवता ठेवता म्हणाली, "पाणी तरी वेळेवर मिळतं ना त्यांना?"

तोवर मी त्या सोमवारबद्दल घरी कोणाशीच बोलले नव्हते. मी तिच्याजवळ बसले आणि भरलेल्या बाटलीपासून सांगायला सुरुवात केली.